डोळा बरा झाला, दृष्टीचे काय?

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या, तेव्हा बालशिक्षण ही शहरातील सुखवस्तू कुटुंबांची मिरासदारी समजली जात होती. पाड्यांवरील मुले बालवाडीकडे फिरकत नाहीत, असा अनुभव आल्यावर या दोघींनी मुलांना वा त्यांच्या आईबापांना बोल लावला नाही; बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. परदेशी धर्तीचे महागडे शैक्षणिक साहित्य परवडणारे नव्हते, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने यांनाच साहित्याचा मान दिला. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे 'अंगणवाडी' हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचला. सेवा मोफत असून भागत नाही, ती दारापर्यंत जावी लागते, हा त्या प्रयोगाचा धडा होता.

शिक्षणाच्या बाबतीत घेतलेला हा धडा मुलांच्या दृष्टीच्या बाबतीत मात्र निम्माच गिरवला गेला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथेच झाला. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून विकार वेळीच हुडकावेत, असा या कार्यक्रमाचा हेतू आहे. फिरत्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जावे, अशी त्याची आखणी आहे. ज्या विकारांचा शोध घ्यावयाचा, त्यांत दृष्टिदोष आणि जन्मजात मोतीबिंदू यांचा समावेश आहे. योजना निःसंशय चांगली आहे. परंतु तपासणीच्या तक्त्यावर नोंद झाली, मूल पुढे पाठवले गेले, चष्मा मिळाला, प्रसंगी शस्त्रक्रियाही पार पडली, की शासनयंत्रणेच्या लेखी ते प्रकरण मिटते. वस्तुतः मुलाचे खरे काम तेथून सुरू व्हावयाचे असते.

पाहणे ही शिकलेली क्रिया

डोळा म्हणजे खिडकी आणि खिडकी उघडली की उजेड आत येणारच, अशी सर्वसामान्य समजूत असते. शास्त्र मात्र वेगळेच सांगते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत झाकून ठेवला. पुढे तो उघडला तेव्हा डोळ्यात दोष नव्हता. पण मेंदूतील पेशी त्या डोळ्याला जवळजवळ प्रतिसादच देईनात. वाढ झालेल्या मांजरावर तसा परिणाम झाला नाही. पाहण्याची विद्या मेंदू बालपणीच्या ठरावीक काळात आत्मसात करतो, हे त्यातून सिद्ध झाले. या कार्यासाठी उभयतांना १९८१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मुलांमध्ये हीच गोष्ट 'आळशी डोळा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात दिसते. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच अधिक असला, डोळा तिरळा असला किंवा जन्मतः मोतीबिंदू असला, तर मेंदू अस्पष्ट चित्र पाठवणाऱ्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. दुसऱ्या डोळ्यावर मुलाचे सर्व व्यवहार सुरळीत चालतात. ते धावते, खेळते, फळ्यावरचे वाचते. त्यामुळे आईच्या वा शिक्षकाच्या काही ध्यानात येत नाही. मुलालाही आपल्याला काही कमी आहे हे कळत नाही, कारण याहून वेगळे पाहणे त्याने कधी अनुभवलेलेच नसते. वय वाढल्यानंतर कितीही अचूक नंबराचा चष्मा लावला, तरी त्या डोळ्याला पुरेसे दिसत नाही.

अशा व्यक्तीची कायद्याच्या दृष्टीनेही चमत्कारिक कोंडी होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अंधत्वाची आणि अल्पदृष्टीची व्याख्या दोहोंपैकी चांगल्या डोळ्यावरून ठरते. एक डोळा शाबूत असलेला तरुण या व्याख्येत बसत नाही. आणि सैन्यात किंवा रेल्वेच्या इंजिनावर भरती होण्यास गेला, तर नेत्रतपासणीत उत्तीर्ण होत नाही. पाचव्या वर्षी ज्याचा उपाय काही रुपयांच्या पट्टीत होता, त्याची किंमत त्याला विसाव्या वर्षी अशी मोजावी लागते.

पट्टीचे दोन तास

उपाय तसा जुना आणि साधा आहे. योग्य नंबराचा चष्मा द्यावयाचा, आणि तेवढ्याने भागले नाही तर चांगला डोळा रोज काही वेळ पट्टीने झाकून दुबळ्या डोळ्याला काम करावयास लावावयाचे. पूर्वी ही पट्टी दिवसभर बांधण्याचा आग्रह असे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत असे आढळले, की सात वर्षांखालील मुलांच्या मध्यम स्वरूपाच्या विकारात रोज दोन तासांची पट्टी ही सहा तासांच्या पट्टीइतकीच गुणकारी ठरते. मात्र त्याबरोबर रोज तासभर जवळून पाहण्याची कामे मुलाकडून करून घ्यावयाची. २००५ सालच्या अभ्यासाने आणखी दिलासा दिला. सात ते बारा वर्षांच्या मुलांतही निम्म्याहून थोड्या अधिकांची दृष्टी उपचाराने लक्षणीय सुधारली. म्हणजे सातव्या वर्षी दार एकदम बंद होत नाही; परंतु ते हळूहळू मिटत जाते, यात शंका नाही.

दोन तासांची पट्टी आणि जवळून पाहण्याचे काम. बोर्डी-कोसबाडच्या परंपरेत वाढलेल्या कोणाही बालवाडी शिक्षिकेला हे ऐकताच आपल्या वर्गाची आठवण व्हावी. चिंचोके आणि गुंजा वेगवेगळ्या करणे, बिया दोऱ्यात ओवणे, शिंपल्यांची लहानमोठी रांग लावणे, रेघेवर खडे मांडणे, तांदळाच्या पिठाने भिंतीवर ठिपके देणे, ही सारी जवळून पाहण्याचीच कामे आहेत. शहरातील चिकित्सालयात जे साहित्य रंगीत मण्यांच्या आणि फळ्यांच्या रूपाने मांडलेले असते, ते येथे अंगणात विखुरलेले आहे. त्यासाठी ना वेगळी इमारत लागते, ना वीज. लागते ती माहिती, चिकाटी आणि कोणीतरी रोज लक्ष ठेवण्याची व्यवस्था.

या देखरेखीचे महत्त्व भावनेपुरते नाही. जवळ पाहताना दोन्ही डोळे एका बिंदूवर न वळण्याच्या विकारावर अमेरिकेत २२१ मुलांची चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दर आठवड्याला आणि शिवाय घरी व्यायाम करणाऱ्या मुलांपैकी ७३ टक्के मुले बारा आठवड्यांत बरी झाली किंवा सुधारली. घरच्या घरी पेन्सिलीच्या टोकावर नजर खिळवण्याचा व्यायाम ज्यांना दिला होता, त्यांच्यात हे प्रमाण ४३ टक्के होते. आणि केवळ देखाव्याचा उपचार मिळालेल्यांत ते ३५ टक्के होते. व्यायाम कागदावर लिहून देणे आणि तो करून घेणे यांत केवढे अंतर आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

शस्त्रक्रियेनंतरचे शिकणे

जन्मजात मोतीबिंदू काढल्यानंतरचा प्रश्न याहून बिकट आहे. आयर्लंडमधील विल्यम मॉलिन्यू याने १६८८ साली तत्त्वज्ञ जॉन लॉक याला एक कोडे घातले होते: स्पर्शाने गोल आणि घन ओळखणाऱ्या जन्मांधाला अचानक दृष्टी आली, तर त्या वस्तू तो केवळ पाहून ओळखील काय? या कोड्याचे उत्तर मिळण्यास सव्वातीनशे वर्षे लागली, आणि ते भारतातील मुलांनी दिले. शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमात उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या मुलांवरील निरीक्षणे २०११ साली प्रसिद्ध झाली. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना नजरेने लगेच ओळखता आली नाही. पण काही दिवसांतच ती ओळखता येऊ लागली. उशीर झाला म्हणून आशा सोडण्याचे कारण नाही, आणि शस्त्रक्रिया झाली म्हणून निश्चिंत होण्याचेही कारण नाही, असा या निष्कर्षाचा दुहेरी अर्थ आहे. नव्याने पाहू लागलेल्या मुलाला अंतर, आकार, चेहरे हे सारे शिकवावे लागते. हे शिकवणे रुग्णालयाच्या खाटेवर होणार नाही. ते घरात, ओट्यावर आणि वर्गातच होणार.

मोजले जाते तेच केले जाते

मग हे होत का नाही? याचे उत्तर वैद्यकशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या बाबतीत त्याने केलेले काम मोलाचे आहे. परंतु अशा कार्यक्रमाचे यश मोजण्याची एकके कोणती? शस्त्रक्रियांची संख्या, वाटलेल्या चष्म्यांची संख्या, तपासलेल्या मुलांची संख्या. या एका दिवसात पुऱ्या होणाऱ्या आणि अहवालात मांडता येणाऱ्या गोष्टी आहेत. एखाद्या पाड्यावरील मुलाने सहा महिने रोज दोन तास पट्टी बांधली, ही गोष्ट कोणत्याच रकान्यात बसत नाही. ज्याची मोजदाद नाही त्याला तरतूद नाही, आणि तरतूद नाही म्हणून कोणी जबाबदार नाही, असे हे चक्र आहे.

दुसरी बाजू कुटुंबाची. पट्टीची किंमत नगण्य आहे, चष्माही मोफत मिळू शकतो. पण अर्थशास्त्रात ज्याला संधी-खर्च म्हणतात, तो येथे फार मोठा आहे. तलासरीच्या आतल्या पाड्यावरील आईला फेरतपासणीसाठी मुलाला डहाणूस किंवा पालघरला न्यावयाचे, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवावयाची आणि वर प्रवासखर्च सोसावयाचा. मूल पाहते आहे, खेळते आहे, मग कशासाठी? तिचा हा हिशेब अज्ञानाचा नाही, तो गरिबीचा आहे. त्यातही दिवाळीनंतर या तालुक्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि अन्यत्र मजुरीसाठी स्थलांतर करतात. तपासणी भाद्रपदात झाली आणि कुटुंब कार्तिकात बाहेर पडले, तर उपचाराची साखळी ऐन मोक्याच्या वेळी तुटते. मूल परत येते तेव्हा मुदतीतील अर्धे वर्ष निघून गेलेले असते.

प्रौढांची उपेक्षा

मुलांसाठी निदान तपासणीची तरी योजना आहे. प्रौढांच्या वाट्याला बहुधा 'आता काही करता येणार नाही' हे वाक्यच येते. काचबिंदूने किंवा मधुमेहाने गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही, हे खरे. परंतु उरलेली दृष्टी वापरावयास शिकवता येते. पूर्वी अल्पदृष्टी असलेल्या मुलांना डोळे वापरू देऊ नयेत, वापरल्याने दृष्टी 'संपेल', असा समज तज्ज्ञांमध्येही होता. अमेरिकेतील नॅटली बरागा यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने तो खोडून काढला. सरावाने अशा मुलांची पाहण्याची क्षमता वाढते, असे त्यांनी दाखवून दिले. आज भिंग, ठळक अक्षरे, योग्य कोनातून येणारा उजेड, पांढऱ्या भिंतीवर गडद रंगाची चौकट, पायरीच्या कडेला चुन्याचा पट्टा अशा साध्या उपायांनी माणसाचे स्वावलंबन टिकवता येते. पक्षाघातानंतर ज्यांना अर्धीच बाजू दिसते, त्यांना न दिसणाऱ्या बाजूकडे नजर फिरवण्याची सवय लावता येते. पूर्ण अंधांना पांढऱ्या काठीने वाट काढण्याचे आणि घरकामाचे रीतसर शिक्षण देता येते.

यासाठी दूरच्या देशाकडे पाहण्याचेही कारण नाही. बोर्डीच्या उत्तरेस गुजरातची हद्द ओलांडली की उंबरगाव तालुका लागतो. त्यातील फणसा या गावी १९६० च्या सुमारास अंधांसाठी टाटा कृषी व ग्रामीण प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेचे हे कार्य होय. खेड्यातील अंधाला शहरात आणून खुर्च्या विणण्यास बसवण्यापेक्षा त्याला त्याच्याच मातीत उभे करावे, त्याला शेती आणि ग्रामीण व्यवसाय शिकवावेत, हा विचार त्यामागे होता. ताराबाईंनी बालवाडीच्या बाबतीत केलेला विचार आणि हा विचार एकाच जातकुळीचे आहेत.

प्रौढांच्या दृष्टीचा संबंध थेट उत्पन्नाशी आहे. आसाममधील चहामळ्यात चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जवळचे पाहण्याचा साधा चष्मा मिळालेल्यांची उत्पादकता, तो न मिळालेल्यांच्या तुलनेत, २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. आता घोलवड-बोर्डीच्या वाड्यांकडे पाहावे. लांब बांबूच्या टोकाच्या जाळीने पक्व चिकू तेवढा हेरून काढणे, साल किंचित खरवडून आतला हिरवेपणा तपासणे, फळांची प्रतवारी करणे, हे सारे डोळ्यांचे काम आहे. डहाणू, चिंचणी, वरोर या पट्ट्यात दागिन्यांचे साचे कोरणारे कारागीर आहेत. त्यांचे तर सारे कौशल्य नजरेच्या टोकावर उभे असते. चाळिशीचा चष्मा वेळेवर न मिळाल्यामुळे अनुभवाच्या ऐन भरात ज्याला काम कमी करावे लागते, त्याची हानी ही केवळ त्याच्या घराची नसून परिसराच्या अर्थव्यवस्थेची हानी आहे.

फसव्या आश्वासनांपासून सावध

दृष्टी-उपचाराची बाजू मांडताना एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. नजरेच्या व्यायामाने चष्मा कायमचा घालवू, वाचनात मागे पडणाऱ्या मुलाला हुशार करू, अशी आश्वासने देऊन पालकांकडून मोठाल्या रकमा घेण्याचा व्यवसाय फोफावू शकतो. लघुदृष्टीचा नंबर व्यायामाने नाहीसा होत असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ साली नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांसह दिलेल्या निवेदनात, वाचन-अक्षमतेवर दृष्टी-व्यायाम हा उपाय म्हणून सिद्ध झालेला नाही, असे म्हटले आहे. ज्या व्यायामाने डोळ्यांचे वळणे सुधारते असे २००८ साली दिसले, त्याच व्यायामाने वाचन मात्र देखाव्याच्या उपचारापेक्षा अधिक सुधारत नाही, असे २०१९ सालच्या चाचणीत आढळले. मूल वाचनात मागे असेल तर आधी त्याचे डोळे तपासावेत, हे योग्यच. पण डोळे निर्दोष निघाल्यास त्याला चांगल्या शिक्षकाची गरज आहे, हे शिक्षक आणि पालक दोघांनीही ओळखले पाहिजे. सार्वजनिक व्यवस्था जेथे नसते, तेथे अशा बाजाराला मोकळे रान मिळते.

करावयाचे काय?

उपाय अवघड नाहीत. पहिला, ज्या मुलाच्या दृष्टिदोषाची नोंद होते त्याला लसीकरणाच्या पत्रिकेसारखी एक दृष्टी-पत्रिका द्यावी. कुटुंब वीटभट्टीवर गेले तरी ती मुलाबरोबर जावी आणि तेथील अंगणवाडीने ती पुढे चालवावी. दुसरा, पट्टीचे दोन तास आणि जवळून पाहण्याचे खेळ अंगणवाडीच्या दैनंदिन कार्यक्रमात बसवावेत. तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयातील वा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयातील नेत्रतपासनिसाने महिन्यातून एकदा तेथे येऊन प्रगती पाहावी. शंभर मातांनी रुग्णालय गाठण्यापेक्षा एका कर्मचाऱ्याने पाड्यावर जाणे समाजाला केव्हाही स्वस्त पडते. तिसरा, कार्यक्रमाच्या अहवालात 'चष्मे वाटले' या रकान्याशेजारी 'सहा महिन्यांनी किती मुलांची दृष्टी सुधारली' असा रकाना असावा. चौथा, अल्पदृष्टी आणि अंध प्रौढांना घरी जाऊन शिकवणारा निदान एक प्रशिक्षित कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात नेमला जावा.

यावर असा आक्षेप येईल, की अंगणवाडी सेविकेवर आधीच कामांचा डोंगर आहे. आक्षेप रास्त आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी दीर्घकाळ केलेला संप कोणी विसरलेले नाही. नवे काम सोपवावयाचे तर त्याचा वेगळा मोबदला आणि नीट प्रशिक्षण दिलेच पाहिजे. फुकटच्या सेवाभावावर कोणतीही योजना फार काळ तगत नाही. दुसरा आक्षेप असा, की कुपोषणाने आणि बेकारीने गांजलेल्या भागात पट्टीचा आणि व्यायामाचा विचार ही चैन आहे. पण ज्याच्यापाशी हात, पाय आणि डोळे यांवाचून दुसरे भांडवल नाही, त्याच्या डोळ्याचे मोल इतर कोणाहीपेक्षा अधिक आहे. १९४५ साली बालवाडीलाही अनेकांनी चैनच म्हटले असते.

शिंपल्यांना आणि बियांना शाळेचे साहित्य करणाऱ्या त्या दोन स्त्रियांनी देशाला एक शब्द दिला आणि एक रीत दिली. शब्द सर्वांनी उचलला. ती रीत दृष्टीच्या बाबतीतही उचलावी, आणि त्याचा आरंभ डहाणू-तलासरीच्या अंगणांतून व्हावा. पाच वर्षांच्या मुलाला वाट पाहण्यास सवड नाही. त्याच्या डोळ्याची मुदत शासनाच्या पंचवार्षिक हिशेबाने चालत नाही.